गोळ्या चालू, तरी बीपी चढलेलंच

पत्र थोडक्यात:

पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या, शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एकसष्ट वर्षांच्या ताईंचं हे पत्र आहे. घरात चौघं. चार वर्षांपासून बीपीची औषधं चालू आहेत. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ ची एकत्र गोळी, शिवाय क्लोरथॅलिडोन ६.२५ ची पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी. दोन वर्षांत चिठ्ठी बदललेली नाही. तरी दवाखान्यात आकडा दर वेळी १६० च्या वर, गेल्या खेपेला १६८/९६. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वर पोचल्याबरोबर आत बोलावतात. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळत नाही, मी काय करणार?" मुलगा म्हणतो, "आई, तू टेन्शन फार घेतेस."

ताई लिहितात: "मी वरून मीठ घेत नाही, लोणचं बंद केलं, रोज सकाळी चालते. गोळ्या नियमित घेते. फक्त आठवड्यातून तीन दिवस हडपसरला आईकडे जावं लागतं, त्या दिवशी पाण्याची गोळी घेत नाही, कारण बसमध्ये आणि स्वारगेटला फार पंचाईत होते. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून एक गोळी आणते, ती घेतली की दिवस बरा जातो. मला चक्कर नाही, डोकं दुखत नाही. कदाचित माझ्या शरीराला एवढं बीपी लागतच असेल. शेजारच्या काकू म्हणतात, या गोळ्या सोड आणि काढा घे. डॉक्टर बदलू का? आणि खरं सांगा, चूक माझीच आहे का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात घोळत असताना बाकीचं काही नीट वाचून होणार नाही. चूक तुमची नाही. तुमचं मन राखायला हे लिहीत नाहीये. तुमच्या पत्रात बीपी न उतरण्याची निदान चार कारणं मला दिसतात आणि 'पथ्य पाळत नाही' या वाक्यात त्यांतलं एकही बसत नाही. दोन तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहेत, अगदी जाता जाता, त्यांचा बीपीशी काही संबंध नसल्यासारखी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली उच्च रक्तदाबावर एक अहवाल काढला. त्याप्रमाणे जगात बीपी असलेल्या पाच माणसांमागे जेमतेम एकाचं बीपी आटोक्यात आहे. उरलेल्यांत निदानच न झालेले पुष्कळ आहेत, पण तुमच्यासारखे रोज औषध घेणारेही कमी नाहीत. एवढ्या सगळ्यांना बेशिस्त म्हणून मोकळं होता येणार नाही. मला या सगळ्यात फार खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. रागावणं हेच बीपी आटोक्यात न येण्याचं एक कारण होऊन बसतं. बोलणी बसणार म्हटलं की माणूस चुकलेल्या गोळ्यांबद्दल गप्प राहतो. डॉक्टरांना वाटतं, तिन्ही औषधं रोज पोटात जातायत. मग ते चिडतात, नाहीतर आणखी एक औषध वाढवतात, आणि मूळ अडचण जागच्या जागी राहते. तुम्ही चार वर्षं पाण्याच्या गोळीबद्दल बोलला नाहीत, ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे. कुणी नीट विचारलंच नाही.

आधी तो १६८ चा आकडा तपासू. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून, धाप लागलेली असताना कुणाचंही बीपी मोजलं तरी ते वाढलेलंच येणार. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायला हवं. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको, तंबाखू-मिश्री नको. आणि मोजताना बोलायचं नाही, जे आपल्याकडे सगळ्यात अवघड, कारण डॉक्टर पट्टा फुगवता फुगवताच "काय म्हणताय?" विचारतात आणि आपण सांगायला लागतो. यातली एकेक गोष्ट चुकली तरी आकडा पाच-दहा पॉइंटांनी फुगू शकतो. तुमच्या बाबतीत तीन-चार गोष्टी एकदम चुकत असतील असं मला वाटतं.

पट्ट्याचंही बघा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. बहुतेक ठिकाणी एकच पट्टा सगळ्यांना बांधतात. शिवणाच्या टेपने दंडाचा मधोमध घेर मोजा. ३२ सेंटिमीटरच्या वर भरला तर "मोठा पट्टा आहे का?" असं विचारायला अजिबात संकोचू नका.

शिवाय काही जणांचं बीपी दवाखान्यातच वाढतं आणि घरी बरं असतं. काहींचं नेमकं उलटं, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, आणि ते जास्त फसवं. म्हणून घरी मोजल्याशिवाय निकाल लावू नका. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, घड्याळातलं तर नकोच. मुलाला तुमच्यासाठी काही करायचं असेल तर टेन्शनवरच्या उपदेशापेक्षा हे मशीन कामाचं. आणल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्या दंडाचा आकडा जास्त येतो, तोच पुढे धरा. मग सलग सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सगळे आकडे वहीत लिहा, चांगले आणि वाईट दोन्ही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. शाळेत काम केलंय तुम्ही, तुम्हाला हे सांगायला नको. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक, त्याच्या वर असेल तर बीपी खरंच जास्त आहे. दिवसातून दहा वेळा मात्र मोजू नका. त्याने धास्ती वाढते आणि हाती काही लागत नाही.

माझा अंदाज, घरचा आकडा १६८ पेक्षा बराच खाली येईल, पण आटोक्यातला नसेल. कारण आता त्या पाण्याच्या गोळीपाशी येते.

वडगाव किंवा आनंदनगरहून पीएमपीने स्वारगेट, तिथे बस बदलून हडपसर, गर्दीच्या वेळी सव्वा-दीड तास सहज जातो. वाटेत बाईने जावं असं स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी लघवी वाढवणारी गोळी टाळणं हा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. बीपीच्या औषधांबद्दल बायकांशी बोलताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा निघते. लग्नकार्य, प्रवास, बँकेतली रांग, त्या दिवशी पाण्याची गोळी राहते. कित्येक जणी तर अशा दिवशी पाणीही पीत नाहीत. शहरात बायकांसाठी धड स्वच्छतागृहं नसणं हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि बीपीच्या चर्चेत तो कुणी मोजत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पण आठवड्यातले तीन दिवस म्हणजे जवळजवळ निम्मं औषध पोटात जात नाही. त्यातून एक चक्र तयार होतं. या जातीची गोळी नव्याने सुरू केली की पहिले काही दिवस लघवी जास्त होते, मग शरीर सरावतं आणि तो त्रास बराच कमी होतो. बीपी उतरवण्याचं काम मात्र चालूच राहतं. मध्येमध्ये सोडली की अंगात मीठ-पाणी पुन्हा साठतं आणि परत घेतली की पहिल्या दिवसांचा त्रास नव्याने सुरू होतो. म्हणजे ज्या त्रासासाठी तुम्ही गोळी सोडता, तो सोडण्यामुळेच टिकून राहिला असावा.

यावर सोपा मार्ग आहे. ही गोळी सकाळीच घेतली पाहिजे असं नाही. बीपीची औषधं सकाळी घ्यावीत की संध्याकाळी, यावर ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला. २०२२ साली त्याचा निष्कर्ष आला की हृदयविकार किंवा पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने वेळेने फरक पडत नाही. तुम्हाला जमेल ती वेळ चांगली, रोज तीच असली म्हणजे झालं. हडपसरहून तीन-चारपर्यंत परतत असाल तर डॉक्टरांना विचारून पाण्याची गोळी सातही दिवस घरी आल्यावर घ्या. रात्री उशिरा मात्र नको, नाहीतर झोपेतून उठावं लागेल. महिनाभर अशी घेऊनही पंचाईत होत असेल तर डॉक्टर दुसरा काही पर्याय बघू शकतील. पण त्यांना अडचण कळली तरच.

हेच बाकीच्या वाचकांसाठीही सांगते, कारण गोळी सुटण्याची कारणं प्रत्येकाची वेगळी. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते म्हणून कुणी ती दिवसाआड घेतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो म्हणून कुणी बंद करतं आणि खोकल्याचं औषध पीत बसतं. संकष्टीला, एकादशीला 'उपाशीपोटी कशी घ्यायची' म्हणून राहते. ताई, तुमची तिन्ही औषधं उपाशीपोटी चालतात. कडक निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशीच्या पाण्याच्या गोळीचं तेवढं डॉक्टरांना विचारून ठेवा. कुणाला सवय लागेल अशी भीती असते, कुणाची पेन्शन यायच्या आधीच गोळ्या संपतात. पैशांची ओढ असेल तर जनौषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. गोळ्यांची संख्या जास्त वाटत असेल तर दोन किंवा तीन औषधं एकत्र असलेली गोळी मिळते का ते विचारा. एक गोळी लक्षात राहते, चार राहत नाहीत. आणि मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर ती एकदम कधीच सोडू नका. बीपी उसळी मारतं.

आता गुडघ्याची गोळी. तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण मेडिकलवाला गुडघ्यासाठी देतो ती बहुधा डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बघा. या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. तुमची पाण्याची गोळी तेच मीठ-पाणी बाहेर काढायला धडपडत असते. एका हाताने टाकी उपसायची आणि दुसऱ्या हाताने नळ सोडून ठेवायचा, असं तुमच्या शरीरात चाललंय. टेल्मिसार्टनचा परिणामही या गोळ्या कमी करतात. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि अशी वेदनाशामक गोळी या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झालेल्या असताना, किंवा बसचा प्रवास आहे म्हणून पाणी कमी प्यायलेलं असताना हा धोका आणखी वाढतो. ही गोळी आजपासून थांबवा आणि क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी, रक्ताची तपासणी करून घ्या.

गुडघे दुखतात हे खरं आहे, ते सोसा असं मी म्हणत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, गुडघेदुखीत त्यांचा खरंच उपयोग होतो. वरून लावायचं वेदनाशामक जेल पोटातल्या गोळीच्या मानाने रक्तात फार कमी उतरतं. गरजेपुरती साधी पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. पाण्यात टाकून फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. अ‍ॅसिडिटीसाठी घेतात त्या फसफसणाऱ्या सोड्याचंही तेच. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रीन असतं, तेही बीपी वाढवतं. स्टिरॉइड आणि काही गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा वाढवतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना फक्त बीपीच्या गोळ्या नेऊ नका. घरात ज्या ज्या म्हणून गोळ्या, पुड्या, सिरप तुम्ही घेता, सगळं एका पिशवीत घालून न्या.

शेजारच्या काकूंचा काढाही त्याच पिशवीत घाला. काकू प्रेमाने सांगतात, पण कित्येक काढ्यांत ज्येष्ठमध असतं आणि जास्त दिवस, जास्त प्रमाणात ज्येष्ठमध घेतलं तर बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तुमची पाण्याची गोळीही पोटॅशियम थोडं उतरवते. दोन्ही एकत्र नको. आणि काढा घ्यायचा म्हणून चालू गोळ्या बंद करणं तर मुळीच नको.

मिठाचं तुम्ही मनावर घेतलंत हे चांगलं केलंत. पण आपल्या स्वयंपाकात मीठ वरून कमी आणि आतून जास्त येतं. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात किती लागतं ते बघायचं असेल तर मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती निदान पन्नास दिवस पुरायला हवी. त्याआधी संपत असेल तर मीठ जास्त होतंय, आणि त्यात बाकरवडी, फरसाण, खारी, ब्रेड, पापड, उपवासाचे वेफर्स धरलेलेच नाहीत. कमी करायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे कणीक आणि भात. पोळी-भात आपण आमटी-भाजीबरोबरच खातो, त्यांत मीठ घातलं नाही तर आठवड्याभरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या एकटीसाठी वेगळा अळणी स्वयंपाक करू नका, ते टिकत नाही आणि ताटावर बसल्यावर शिक्षा झाल्यासारखं वाटतं. सगळ्या घराचंच मीठ थोडं खाली आणा. सैंधवाने फरक पडेल असं समजू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळतं त्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असताना किंवा मूत्रपिंडाचा त्रास असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

तुमच्या औषधांबद्दल एक गोष्ट आहे, ती सांगताना डॉक्टरांवर राग धरायचा नाही. दोन वर्षं आकडा १६० च्या वर आणि चिठ्ठी तीच. तिन्ही औषधांचे तुमचे डोस मधले किंवा लहान आहेत. टेल्मिसार्टन ८० पर्यंत जातं, अ‍ॅम्लोडिपिन १० पर्यंत, क्लोरथॅलिडोन १२.५, क्वचित २५ पर्यंत. हे मी तुम्ही स्वतः वाढवावं म्हणून सांगत नाही. औषधांना वाव शिल्लक आहे, 'माझ्यावर काही लागूच पडत नाही' असं अजून म्हणता येत नाही, एवढंच सांगायचंय. आकडा जास्त दिसला तरी 'आज जिने चढून आल्यात, पुढच्या वेळी बघू' असं होत राहतं. रांग बाहेर मोठी असते. जगभरात हेच चालतं आणि बीपी आटोक्यात न येण्याचं ते फार मोठं कारण आहे. म्हणूनच घरच्या आकड्यांची वही हवी. ती समोर असली की 'पुढच्या वेळी बघू' म्हणायला जागा राहत नाही.

मोजणी नीट, गोळ्या रोज पोटात, बीपी वाढवणारं दुसरं काही नाही, पाण्याच्या गोळीसह तीन औषधं पूर्ण डोसमध्ये, आणि तरी बीपी जास्त. असं असेल तेव्हाच त्याला औषधांना न जुमानणारं बीपी म्हणतात. अशा वाचकांनी हट्टाने पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार किंवा त्याच्या रक्तवाहिनीतला अडथळा, थायरॉइड, आणि झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं ही नेहमीची कारणं. शेवटचं पुरुषांचंच समजतात, पण पाळी गेल्यानंतर बायकांतही ते वाढतं. रात्री घोरणं आणि दिवसा सतत पेंग असेल तर झोपेची तपासणी सांगा. आणखी एक कारण फार वेळा निसटतं. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक जास्त तयार होणं. ते रक्ताच्या तपासणीत कळतं, पोटॅशियम नॉर्मल असलं तरी असू शकतं आणि त्याला नेमका उपचार आहे. चौथं औषध लागलंच तर स्पायरोनोलॅक्टोनचा विचार होतो. २०१५ साली ब्रिटनमध्येच झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांत ते सर्वांत उपयोगी ठरलं, फक्त त्यावर पोटॅशियमची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते.

"माझ्या शरीराला एवढं बीपी लागतच असेल" असं तुम्ही लिहिलंत, त्यावर थांबायला हवं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणजे शरीराला चालतंय, असा तुमचा हिशेब. पण बीपी वर्षानुवर्षं जास्त असूनही काहीच जाणवत नाही, हेच या आजाराचं नेहमीचं रूप आहे. त्या काळात मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या सोसत असतात. तुम्ही घाबरावं म्हणून हे लिहीत नाही, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बीपी अगदी नॉर्मल झालं तरच उपयोग, असं नसतं. वरचा आकडा १० ने उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, हे अनेक मोठ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन दिसलंय. १६८ वरून १५० म्हणजे 'अजून नॉर्मल नाही' हे खरं, पण ती मोठी कमाई आहे.

मुलाच्या टेन्शनच्या म्हणण्याबद्दल. काळजीने, रागाने त्या वेळेपुरतं बीपी वाढतं, ते खरं. पण तुमचं चार वर्षांचं बीपी केवळ टेन्शनने आहे असं मला तुमच्या पत्रावरून दिसत नाही. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हटल्याने ते कमी झाल्याचंही पाहिलेलं नाही. टेन्शनचं खरं काम आडून चालतं. झोप मोडते, चालणं राहतं, गोळी विसरते, उभ्याउभ्या काहीतरी खारट तोंडात टाकलं जातं. आठवड्यातून तीनदा, दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन बस करून आईकडे जाणं हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की मला विचारावंसं वाटतं, त्यातला एक दिवस दुसरं कुणी उचलू शकेल का? मुलगा शनिवारी गाडीने सोडू शकेल का? आजी त्याचीही आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर तीन मिनिटांत सुचत नाही. मी असं लिहिलं असतं: "डॉक्टर, आठवड्यातून तीन दिवस मी पाण्याची गोळी घेत नव्हते, बसच्या प्रवासामुळे. ती दुपारी घेतली तर चालेल का? गुडघ्यासाठी ही गोळी घेत होते, आता थांबवली आहे. हे घरचे सात दिवसांचे आकडे. यावरून औषध बदलायचं का?" बास. माफी मागू नका, सफाई देऊ नका.

त्यांनी डोस वाढवण्याआधी तुम्ही हे सांगणं फार गरजेचं आहे. नाहीतर ते न पोचणाऱ्या औषधाच्या हिशेबाने चौथं औषध देतील. आणि ज्या दिवसापासून तुम्ही सगळं नीट घ्याल आणि गुडघ्याची गोळी सुटलेली असेल, त्या दिवसापासून बीपी एकदम खाली जाऊन उठताना तोल जाऊ शकतो. या वयात पडून खुब्याचं हाड मोडणं ही लहान गोष्ट नाही. बसून आणि मग उभं राहून, असं दोन्ही वेळा बीपी बघायला सांगा. पाण्याची गोळी रोज सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासा. त्या दरम्यान फार थकवा, पेंग, बोलण्यात गोंधळ असं काही वाटलं तर तपासणी लगेच करा, कारण वय झालेल्या बायकांत या गोळीने कधी कधी सोडियम उतरतं.

घरी मशीन आलं की कधीतरी एखादा मोठा आकडा दिसणारच. १८० च्या वर दिसला आणि बाकी काही त्रास नसेल तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जास्तीची गोळी स्वतःहून घेऊ नका. जिभेखाली कॅप्सूल फोडून ठेवायची जुनी पद्धत तर अजिबात नको, बीपी झपकन पडून पक्षाघात होऊ शकतो. पण छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही असेल तर आकडा बघत बसायचं नाही, थेट १०८ ला फोन.

राहिला डॉक्टर बदलण्याचा प्रश्न. अजून बदलू नका. चार वर्षांत या डॉक्टरांना तुमची पूर्ण हकिकत एकदाही मिळालेली नाही, ती आधी मिळू दे. कागद, वही आणि औषधांची पिशवी घेऊन जा, मुलाला बरोबर न्या आणि पाच मिनिटं बसल्यावरच बीपी बघा असं सांगा. एवढं ऐकूनही त्यांनी वही उघडली नाही, पुन्हा पथ्यावरूनच बोलले आणि तीच चिठ्ठी परत लिहून दिली, तर खुशाल दुसरे डॉक्टर बघा, शक्यतो तळमजल्यावरचे, आणि त्यांच्याकडे जाताना हीच वही आणि हीच पिशवी न्या.